पडणारा दगड गणित करतो का?

"दगड खाली पडताना आपला मार्ग स्वतःच काढत असतो, मग तोही कॉम्प्युटरच ना?" असं तुम्ही विचारलंय. मला विचाराल तर दगड नुसता पडतो. पण निर्जीव वस्तू गणित करूच शकत नाही हेही मला पटत नाही, कारण भरती-ओहोटीचा अंदाज काढणारं यंत्र.

१८७२ च्या सुमारास लॉर्ड केल्विन या भौतिकशास्त्रज्ञाने ते करून घेतलं. चंद्र-सूर्यामुळे भरतीत जे वेगवेगळे चढउतार येतात त्या प्रत्येकासाठी एक कप्पी, ती आपल्या गतीने वरखाली होणार, सगळ्या कप्प्यांवरून एकच तार आणि तारेच्या टोकाला पेन, म्हणजे बेरीज तारच करते आणि कागदावर पुढच्या वर्षाच्या भरत्या उमटतात. ट्रान्झिस्टर नाही, शून्य-एक नाही काही नाही, तरी हे गणितच.

मग समुद्र पण बेरीज करतो म्हणायचं का, पाणी तर तोही तसंच वरखाली करतो? नाही. यंत्राची तार घसरली तर भौतिकशास्त्राचा एकही नियम न मोडता उत्तर चुकतं. समुद्र चुकूच शकत नाही, तो करेल ती भरती. जिथे चुकायला जागाच नाही तिथे गणित झालं असं मी तरी म्हणणार नाही.

१९८८ मध्ये हिलरी पटनम या तत्त्वज्ञाने दाखवलं की दगडाच्या एकामागून एक येणाऱ्या अवस्थांना हवी ती नावं दिली की तो कुठलाही प्रोग्राम चालवतोय असं म्हणता येतं. हा मुद्दा हलका नाहीये. पण नावं सगळं घडून गेल्यावर चिकटवलेली असतात. १९९६ मध्ये डेव्हिड चामर्स या दुसऱ्या तत्त्वज्ञाने हेच पकडलं, की इनपुट वेगळं असतं तर काय झालं असतं तेही जुळायला हवं. केल्विनच्या यंत्रात दुसऱ्या बंदराचे आकडे लावा, त्या बंदराच्या भरत्या मिळतात. दगडाला तुम्ही दुसरा प्रश्न घालणार कसा?

मला सगळ्यात अवघड वाटतं ते साबणाचं पाणी. दोन काचांमध्ये खुंट्या लावून बुडवा, वर काढलं की पातळ पडदा खुंट्यांना जोडणारं कमी लांबीचं जाळं करतो, खुंट्या हलवल्या की जाळं बदलतं. पण कधीकधी तो त्याहून लांब जाळ्यावरच अडकून बसतो. पडद्याचं काहीच बिघडलेलं नसतं, तीन रेषा भेटतात तिथे १२० अंशाचे कोन अगदी बरोबर असतात. उत्तर चुकलं ते फक्त तुम्ही "सगळ्यात छोटा रस्ता कुठला" म्हणून खुंट्या लावल्या होत्या म्हणून, तोच पडदा धुण्याच्या बादलीत तयार झाला तर तो बरोबरही नसतो आणि चूकही नसतो.