दुफाट्यावरचा अडथळा: एक स्टेंट की दोन?

प्रश्न: वडिलांच्या अँजिओग्राफीच्या अहवालात एलएडी (हृदयाच्या पुढच्या भागाची मुख्य रक्तवाहिनी) आणि डायगोनल (तिची फांदी) या रक्तवाहिन्या जिथे फुटतात तिथे ‘मेडिना १,१,१’ असा ब्लॉक लिहिला आहे. एक डॉक्टर एक स्टेंट सांगतात, दुसरे दोन. खरे कोणाचे? (विजापूर रोड, सोलापूर)

उत्तर: या तीन आकड्यांनी घाबरून जाऊ नये. फाट्याच्या अलीकडची मुख्य नळी, पलीकडची मुख्य नळी आणि बाजूची फांदी या क्रमाने, जिथे अडथळा निम्मा किंवा त्याहून जास्त आहे तिथे १ लिहितात. अडथळा कुठे आहे एवढेच त्यावरून कळते. फांदी केवढी जाड आहे आणि रोग तिच्यात किती आत गेला आहे हे कळत नाही, आणि निर्णय तर त्यावरच ठरतो. फांदी अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जाड असेल आणि रोग तोंडापासून दहाएक मिलिमीटर आत पसरला असेल, तर सुरुवातीपासूनच दोन स्टेंटचा विचार रास्त ठरतो. एरवी मुख्य नळीत एक स्टेंट बसवून फांदीकडे नंतर पाहायचे, हीच जगभर पहिली पसंती आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्डिक अभ्यासात ४१३ रुग्णांमध्ये दोन्ही पद्धतींचे सहा महिन्यांचे निकाल सारखेच आले. दोन स्टेंटच्या गटात वेळ आणि क्ष-किरणांचा मारा मात्र जास्त झाला. एक स्टेंट सांगणारे डॉक्टर काटकसर करत आहेत, असे म्हणूनच समजू नये.

प्रश्न: मला एकच स्टेंट बसवला. सीडी घरी लावून पाहिली, तर बाजूच्या फांदीचे तोंड पूर्वीपेक्षा अरुंद दिसते. काम अर्धवट राहिले का? (अक्कलकोट रोड)

उत्तर: सीडी घरी पाहणारे वाचक वाढले आहेत, आणि त्यांची शंका अगदीच निराधार नसते. मुख्य नळीत बलून फुगला की दोन नळ्यांमधली पाचर फांदीकडे ढकलली जाते आणि तिचे गोल तोंड चपटे होते. क्ष-किरणांत ते एका बाजूने पाहिले, तर चिमटल्यासारखे दिसते. दाब मोजणारी वायर घालून २००५ मध्ये कोरियात तपासले, तेव्हा ७५ टक्के किंवा त्याहून अरुंद दिसणाऱ्या ७३ फांद्यांपैकी फक्त २० फांद्यांत रक्तपुरवठा खरोखर कमी आढळला. प्रवाह चांगला असेल, छातीत दुखत नसेल आणि ईसीजी बदलला नसेल, तर तिथे थांबणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो.

प्रश्न: आईला लेफ्ट मेनच्या (हृदयाच्या डाव्या बाजूच्या मूळ रक्तवाहिनीच्या) फाट्यावर ब्लॉक आहे. ‘डीके क्रश’ करू म्हणतात. ‘कूलॉट’पेक्षा ते चांगले का? (जुळे सोलापूर)

उत्तर: क्रशमध्ये फांदीतील स्टेंटचे टोक मुख्य नळीत थोडे बाहेर ठेवून बलूनने भिंतीला चेपतात, दोन बलून शेजारी शेजारी फुगवतात, मुख्य स्टेंट बसवतात आणि दोन बलून पुन्हा एकत्र फुगवतात. हे दोनदा होते म्हणून ‘डबल किसिंग’, म्हणजेच डीके. कूलॉटमध्ये एका स्टेंटच्या जाळीतून दुसरा पार नेतात आणि फाट्याच्या अलीकडे दोन थर एकमेकांवर येतात. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ तुमान, आणि दोन पाय कमरेत मिळावेत तशीच ही रचना दिसते.

मुळात लेफ्ट मेनसाठी दोन स्टेंट की एक, याबाबतच पुरावा एकमुखी नाही. २०१७ च्या डीकेक्रश-५ या ४८२ रुग्णांच्या चाचणीत, वर्षभरात स्टेंटच्या जागी पुन्हा त्रास होण्याचे प्रमाण डीके क्रशमध्ये ५ टक्के, तर एक-स्टेंट धोरणात १०.७ टक्के होते. उलट २०२१ च्या युरोपीय ईबीसी मेन चाचणीत ४६७ रुग्णांत मोठ्या त्रासाचे प्रमाण एक-स्टेंट धोरणात १४.७ आणि दोन-स्टेंटमध्ये १७.७ टक्के आले. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस नव्हता. माझ्या मते नावापेक्षा हात महत्त्वाचा. डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: ही पद्धत ते नियमित करतात का, आणि नळीच्या आतून प्रतिमा घेऊन स्टेंट भिंतीला नीट टेकला आहे का ते तपासणार का? २०२३ च्या ‘ऑक्टोबर’ नावाच्या चाचणीत, गुंतागुंतीच्या फाट्यांवर अशा ओसीटी (नळीच्या आतून प्रकाशाने घेतलेल्या) प्रतिमांच्या आधारे केलेल्या कामात दोन वर्षांतील मोठे त्रास १४.१ वरून १०.१ टक्क्यांवर आले. लेफ्ट मेन असल्याने बायपासच्या सर्जनचे मतही आधी घ्यावे.

प्रश्न: तीन महिन्यांपूर्वी दोन स्टेंट बसले. दात काढायचा आहे, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आठवडाभर बंद करू का? (होटगी रोड)

उत्तर: नाही. दात बहुधा गोळ्या चालू ठेवूनच काढता येतो. दंतवैद्यांना स्टेंटचे कार्ड दाखवा आणि त्यांचे हृदयरोगतज्ज्ञांशी बोलणे करून द्या.