प्रश्न तुमचे, उत्तरे आमची : पुगा खोऱ्यातील गरम झरे

प्रश्न : जुलैमध्ये आम्ही पती-पत्नी लेहहून त्सो मोरिरी सरोवराकडे जाणार आहोत. त्या वाटेपासून जवळच पुगा खोऱ्यात गरम पाण्याचे झरे असून पूर्वी तेथे टाकणखार (बोरॅक्स, म्हणजे बोरॉनचा क्षार) आणि गंधक काढत असत, असे समजले. वज्रेश्वरीच्या कुंडांप्रमाणे तेथे स्नान करता येते का? माझे वय ६२ असून रक्तदाबाची गोळी चालू आहे. तेथे ज्वालामुखी नसताना पाणी तापते कसे, हेही सांगावे.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पुगा अवश्य पाहावे, स्नान मात्र तेथे करू नये. त्याची हौस असल्यास ती वाटेवरील चुमाथांगच्या गरम झऱ्यांत भागवावी.

वज्रेश्वरी, अकलोली किंवा गणेशपुरीला पाणी बांधीव कुंडांत घेतलेले असते, त्यामुळे पाय कोठे ठेवायचा हा प्रश्न पडत नाही. पुगा येथे, सुमारे ४,४०० मीटर उंचीवर, झरे, चिखलाची बुडबुडणारी डबकी आणि वाफेची छिद्रे खोऱ्याच्या तळाशी कित्येक ठिकाणी विखुरलेली आहेत. काहींचे पाणी जेमतेम कोमट असते, तर काहींचे ८४ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असते. हा आकडा मुंबईच्या हिशेबाने वाचू नये, कारण हवेचा दाब कमी असल्याने त्या उंचीवर पाणी सुमारे ८५ अंशांनाच उकळते. म्हणजे तेथील सर्वांत तप्त झरे उकळतेच आहेत. त्यांच्याभोवती क्षारांचा पांढरा-पिवळा पापुद्रा धरलेला असतो, तो दिसायला घट्ट असला तरी त्याखाली तापलेला चिखल असू शकतो. म्हणून मळलेली वाट सोडू नये आणि वाफ निघत असलेल्या जागेच्या काठाशी जाऊन छायाचित्र घेण्याचा मोह टाळावा. पाण्यात बोरॉन आणि फ्लोराइड पुष्कळ असल्याने ते पिऊ नये. गंधकयुक्त वायूमुळे चांदी काळवंडते, तेव्हा पैंजण-अंगठ्या लेहला मुक्कामाच्या ठिकाणीच ठेवलेल्या बऱ्या.

आता पाणी तापते कसे. लडाखमधील सिंधू नदीच्या पट्ट्यालगत भारतीय आणि युरेशियन भूपट्टांची जुनी सांधरेषा आहे. या टकरीत भूकवच जाड झाले, काही ठिकाणी खडक वितळून ग्रॅनाइट तयार झाला आणि पुग्याखाली उष्णता नेहमीपेक्षा बरीच वर आली. वितळलेल्या बर्फाचे आणि पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, तापते, खडकांतील बोरॉनसारखी द्रव्ये विरघळवून घेते आणि प्रस्तरभंगाच्या, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या मोठ्या भेगेच्या, वाटेने परत वर येते. यासाठी ज्वालामुखी लागत नाही. कोकणातील गरम पाण्याच्या झऱ्यांजवळही आज जागता ज्वालामुखी नाही. फरक पडतो तो वर आल्यावर. पुगा ज्यावर आहे त्या चांगथांग पठाराच्या कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडून जाते, क्षार मागे राहतात आणि ते धुऊन नेणारा पाऊस तेथे जवळजवळ नसतो. कोकणातल्या पावसात असा टाकणखाराचा थर जमिनीवर एक पावसाळाही टिकला नसता. पुग्याची खाण म्हणजे मुळात झऱ्यांनीच मांडून ठेवलेला साठा होता, आणि गंधकाचा उगमही त्याच उष्णतेत आहे. १९७० च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने या उष्णतेचा अंदाज घेण्यासाठी तेथे अनेक विंधनछिद्रे घेतली; त्यांतील सर्वांत खोल छिद्र सुमारे ३८५ मीटरचे होते. वीजनिर्मितीच्या हेतूने ओएनजीसीने २०२१ मध्ये लडाख प्रशासनाशी करार केला. यंत्रसामग्री किंवा कुंपण दिसल्यास त्यापासून दूर राहावे.

तुमच्या वयाचा आणि रक्तदाबाचा विचार करता खरी काळजी पाण्यापेक्षा उंचीची आहे. विमानाने थेट लेहला, म्हणजे सुमारे ३,५०० मीटरवर, उतरणार असाल तर किमान दोन पूर्ण दिवस विश्रांती घ्यावी. प्रवास कंपनीच्या कार्यक्रमात ती नसेल तर कार्यक्रम बदलून घ्यावा, कारण घाईचे कार्यक्रम आखणारे तुमच्यासोबत वर येत नाहीत. पुढे उपशीवरून सिंधूच्या काठाने चुमाथांग लागते. ते सुमारे ४,००० मीटरवर असल्याने एक रात्र तेथे काढणे शहाणपणाचे ठरेल. त्यापुढे माहे पूल ओलांडून सुमदोला पोहोचल्यावर एक रस्ता त्सो मोरिरीकडे आणि दुसरा पुगामार्गे पोलोकोंगका खिंड चढून त्सो कर सरोवराकडे जातो. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो; त्यात गोळीचा परिणाम आणि विरळ हवेची भर पडली, तर पाण्यातून एकदम उठताना भोवळ येऊ शकते. म्हणून चुमाथांगलाही आधी पाण्याचा अंदाज घ्यावा, काही मिनिटेच बसावे, एकट्याने उतरू नये आणि भरपूर पाणी प्यावे. गोळीची मात्रा, तसेच उंचीच्या त्रासावरचे औषध घ्यावे की नाही, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. डोकेदुखीबरोबर उलटी, तोल जाणे किंवा बसल्या जागी धाप लागणे सुरू झाले, तर पुढे न जाता त्याच दिवशी खाली उतरावे.

बाहेरची प्रीपेड सिमकार्डे लडाखमध्ये चालत नाहीत. परवाने आणि शुल्काचे नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे ते लेहमध्ये विचारून घ्यावेत. पुग्याच्या दलदलीत काळ्या मानेचे क्रौंच घरटी करतात आणि चांगपा पशुपालकांचे कळप तेथे चरतात, म्हणून झऱ्यांत साबण वापरू नये आणि पक्ष्यांच्या मागे लागू नये.

प्रश्न : आमचा सोनारकामाचा व्यवसाय आहे. डाग देताना (दागिन्याचे सांधे जोडताना) लागणारा टाकणखार पूर्वी लडाखकडून येत असे, हे खरे आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हिमालयापलीकडून येत असे, हे खरे आहे, त्यात मोठा वाटा तिबेटच्या सरोवरांचा आणि काही वाटा पुग्याचा होता. कच्चा टाकणखार लहान पिशव्यांत भरून मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवरून खिंडी ओलांडत आणला जाई आणि डोंगरपायथ्याच्या बाजारांत शुद्ध होऊन पुढे जाई. युरोपलाही दीर्घकाळ हाच माल मिळत होता. एकोणिसाव्या शतकात इटलीतील टस्कनीच्या वाफाळ झऱ्यांपासून बोरिक आम्ल मिळू लागले, त्यामागोमाग कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातला टाकणखार बाजारात आला आणि मेंढ्यांचा व्यापार बसला. आज जगातील सर्वांत मोठे साठे तुर्कस्तानात आहेत, आणि भारताला लागणारे बोरॉनचे खनिज जवळजवळ सगळे आयातच होते.