एनसी नोंदवली म्हणजे खटला सुरू झाला असे नाही

फेब्रुवारी 2024 मध्ये शेजाऱ्याने जिन्यात अडवून धमकावले, त्याच संध्याकाळी तुम्ही पोलीस ठाण्यात एनसी नोंदवली आणि आता डिसेंबर 2026 मध्ये मला विचारता, ‘पोलीस अजून काहीच का करत नाहीत?’ हाच प्रश्न मला वारंवार येतो आणि दर वेळी जीव हळहळतो. एनसी ही अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तिचा तपास करायला पोलिसांना कायद्यानेच मनाई आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत अगदी खाली लिहिले आहे, ‘फिर्यादी यांस कोर्टात दाद मागण्याची समज दिली.’ ती एक ओळ त्याच दिवशी नीट वाचली असती, तर पावणेतीन वर्षे वाया गेली नसती.

आता सगळे मुदतीवर आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम 506 मध्ये साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अशा गुन्ह्याची दखल कोर्ट तीन वर्षांच्या आतच घेऊ शकते. ही तीन वर्षे घटनेपासून मोजतात आणि एनसी नोंदवल्याने ती थांबत नाहीत. म्हणजे येत्या फेब्रुवारीत दार बंद. एक दिलासा आहे: मुदतीसाठी कोर्टात फिर्याद दाखल केल्याची तारीख धरतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2013 मध्ये स्पष्ट केले आहे. पुढे कोर्टाने तारखांवर तारखा दिल्या तरी त्याचा भुर्दंड तुम्हाला नाही.

‘जिवंत सोडणार नाही म्हणाला,’ असे तुम्ही लिहिता. ठार मारण्याच्या धमकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तिला मुदतीची ही अट नाही. पण तुमच्या एनसीत लिहिले आहे, ‘शिवीगाळ करून बघून घेतो असे म्हणाला.’ समोरचा वकील पहिले बोट इथेच ठेवील. त्यामुळे सात वर्षांच्या कलमावर विसंबून फेब्रुवारी उलटू देऊ नका. उशीर माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे, पण ‘पोलिसांची वाट पाहत होतो’ हे कारण पुरेल असे मी सांगणार नाही.

याच आठवड्यात वकील गाठा आणि दंडाधिकाऱ्यांसमोर खासगी फिर्याद, म्हणजे पोलिसांमार्फत नव्हे तर थेट कोर्टात तक्रार, दाखल करा. नवे फौजदारी कायदे 1 जुलै 2024 पासून लागू झाले; घटना त्यापूर्वीची, म्हणून गुन्ह्याचे कलम जुने; कार्यपद्धती मात्र नव्या नागरिक सुरक्षा संहितेची, कलम 223. तिथे तुमचा शपथेवर जबाब होईल आणि दखल घेण्याआधी शेजाऱ्यालाही म्हणणे मांडायची संधी मिळेल. शिक्षा होईलच का, हे आज सांगता येत नाही. नुसते शब्द पुरत नाहीत, घाबरवण्याचा हेतूही सिद्ध करावा लागतो.

जिन्यातले रेकॉर्डिंग ज्या मोबाइलमध्ये आहे तो विकू नका, फॉरमॅट करू नका. रेकॉर्डिंग पुरावा म्हणून देताना लागणारे नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र वकिलांकडून तयार करून घ्या. त्या दिवशी दार उघडून बाहेर आलेल्या वरच्या मजल्यावरच्या बाईंनाही आजच विचारा, त्या साक्षीला येतील का.