घरी नीट पळणारी बॅरल रेसिंगची घोडी बाहेर नेली की बिथरते, काय करावं?

बॅरल रेसिंग म्हणजे तीन पिंपांना वळसे घालत कमीत कमी वेळात पळायचं. तुमची घोडी घरच्या अरीनात (मैदानात) तिन्ही पिंपं सफाईनं घेते आणि बाहेरच्या जॅकपॉटला, म्हणजे एंट्री भरून पळायच्या शर्यतीला, नेली की मान वर करून माणसं बघत राहते, असं तुम्ही लिहिलंय. ट्रेनर म्हणतो ती हट्टी आहे, आणि तुमचा प्रश्न आहे की बिट (लगामाचा तोंडातला भाग) बदलू की चाबूक वाढवू. त्या 'हट्टी' शब्दाला मी अडले, म्हणून हे लांबण.

मी टेक्ससात, फोर्ट वर्थच्या पश्चिमेला राहते. नवऱ्याच्या नोकरीमागे आले, पस्तिशी उलटल्यावर शर्यतीत उतरले. माझी क्वार्टर हॉर्स जातीची घोडी शेवंती अकरा वर्षांची आहे. कागदावरचं तिचं नाव हातभर लांब आहे, ते फक्त अनाउन्सरला लागतं.

घरी शेवंती म्हणजे सोनं. पहिल्यांदा बाहेर नेली ती उन्हाळ्यात, छपराच्या अरीनात. संध्याकाळचे सात वाजलेले, तरी बाहेर लख्ख ऊन आणि आत दिव्यांचा उजेड. कठड्यावर जाहिरातींचे फलक फडफडत होते, कोपऱ्यात माती ओढून थांबलेला ट्रॅक्टर घरघरत होता. घोडी न्यायच्या ट्रेलरपाशी तिची अर्ध्या तासाची नवी मैत्रीण, कुणाची तरी पोनी, हिच्या नावानं खिंकाळत होती. आम्ही बोळातून आत शिरलो. टायमरच्या रेषेपासून पहिल्या दोन पिंपांची ओळ साठ फुटांवर असते. तेवढ्यात शेवंतीनं कान टवकारले, मान माझ्या नाकापर्यंत आणली आणि पहिलं पिंप डावीकडे सोडून थेट ट्रॅक्टर बघायला गेली. तिथून वळली ती फाटकाकडे. पॅटर्न (पिंपांचा ठरलेला क्रम) मोडला, वेळ नाही, एंट्रीचे पन्नास डॉलर पाण्यात. अनाउन्सर म्हणाला, "शी इज साइटसीइंग टुनाइट!" स्टँडमधली माणसं हसली. मीही हसले, पण ट्रेलरमध्ये जाऊन रडले.

मग सल्ले सुरू झाले. एकीनं टाय-डाउन (मान वर जाऊ न देणारा पट्टा) दिला, दुसरीनं बुटाला लावायचे टोकदार स्पर. तिथल्याच एका ट्रेनरनं सांगितलं, "तिला तुझी भीती वाटली पाहिजे." पुढच्या शनिवारी मी चाबूक घेऊन बसले. शेवंती पळाली, खोटं कशाला बोलू, जीव घेऊन पळाली. दुसऱ्या पिंपावर माझा गुडघा आपटला, पिंप आडवं, पाच सेकंदांचा दंड, आणि तिसऱ्या पिंपाकडचे १०५ फूट मी खोगिराची मूठ धरून काढले. दुसऱ्या दिवशी ट्रेलर बघताच ती चार पाय रोवून उभी राहिली.

रात्री गावी दादाला फोन केला. तो म्हणाला, "झापडं बांध आणि दोन ठेवून दे. हट्टी जनावराला दुसरी भाषा कळत नाही." हेच वाक्य मी आठवीत ऐकलं होतं.

आमचं गाव आंबेगाव तालुक्यातलं. तिकडे बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे चढाच्या धावपट्टीवर, गाड्याला चार बैल आणि त्यांच्यापुढे घोडी. दादाची घोडी होती चांदणी. खरारा, वैरण, पाणी माझ्याकडे. वर बसायचं दादानं. (पहाटे तो झोपलेला असताना मी बसायचे. इतकी वर्षं कुणाला माहीत नव्हतं, आता झालं.) आमच्या रानात चांदणी वाऱ्यासारखी पळायची. चैत्रात शेजारच्या गावच्या यात्रेला टेम्पोतून नेली. हलगी कडाडली, भंडारा उडाला आणि ती घाटाच्या मध्यावर आडवी झाली. मागून बैल येत होते. ते बिचकले, बारी (आमच्या गाड्याची धाव) वाया गेली. घरी आल्यावर दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "पोरीनं लाडावून ठेवली, म्हणून हट्टी झाली." त्या रात्री गोठ्यात तिला पडलेला मार मी भिंतीपलीकडून ऐकला. पुढच्या दोन यात्रांत तेच झालं, मग तिला विकली. दोष माझ्या नावावर राहिला तो आजतागायत.

आता मला जे कळतं ते तेव्हा बोलता आलं नाही. चांदणी वर्षातले अकरा महिने गावची वेस ओलांडत नव्हती. टेम्पोत चढली की पुढे गोंगाट आणि चाबूक, एवढंच तिला ठाऊक. माझ्या शेवंतीसाठी मी ट्रेलरचा नेमका तोच अर्थ करून ठेवला होता.

घोड्याचे डोळे बाजूला असतात, जवळजवळ सगळा परिसर त्याला एकाच वेळी दिसतो. मान वर-खाली करून तो लांबचं-जवळचं नीट बघतो. उन्हातून कमी उजेडात आल्यावर त्याचा डोळा आपल्यापेक्षा सावकाश सरावतो. म्हणजे नव्या जागी मान वर करणारी घोडी तिचं काम चोख करत असते, ते तुमचं काम नसतं इतकंच. टाय-डाउननं मान खाली बांधलीत की तिचं बघणं अडतं, भीती आहे तिथेच राहते. आणि तुमच्या पोटात गोळा आला की तो तिलाही कळतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या एका प्रयोगात घोडा नेणाऱ्यांना आणि स्वारांना सांगितलं होतं की या फेरीत छत्री फटकन उघडणार. छत्री उघडलीच नाही, तरी माणसांबरोबर घोड्यांचेही ठोके वाढले.

मी काय केलं ते सांगते. पुढचे तीन महिने एकही एंट्री भरली नाही. दर आठवड्याला ट्रेलर जोडायचा, कुठल्या तरी शर्यतीला जायचं, शेवंतीला वैरणीची जाळी बांधायची आणि मी खुर्ची टाकून शेंगदाणे खात बसायचं. पहिल्यांदा ती दोन तास खिंकाळली आणि पातळ लीद टाकत राहिली. चौथ्या खेपेला तिनं एक मागचा पाय सैल सोडला, म्हणजे निवांत झाली. मग हातात धरून कठड्याभोवती फिरवलं, प्रत्येक फलक हुंगू दिला. त्यानंतर एक्झिबिशनचे (शर्यतीआधीच्या सरावफेरीचे) पाच-पाच डॉलर भरले आणि मिळालेल्या मिनिटात पॅटर्न चालीनं घेतला, फार तर दुडकीनं. मागच्या बायका कुजबुजायच्या, हिला पळवता येत नाही. खुशाल कुजबुजा! मान वर गेली की मी लगाम खेचत नव्हते, एक छोटं वर्तुळ घ्यायचे, तिचा आतला कान माझ्याकडे वळला की पुढे. बाहेर आल्यावर लगेच खोगीर काढायचं नाही, फाटकापासून लांब थोडं काम करायचं. नाहीतर फाटक म्हणजे सुट्टी असं तिच्या डोक्यात बसतं.

चौथ्या महिन्यात एंट्री भरली. जिंकणारीचा वेळ १७.१, आमचा १८.३. थ्री-डीमध्ये (जिंकणारीपेक्षा किती मागे यावर पाडलेल्या गटांतला तिसरा) पाचव्या आलो, एकेचाळीस डॉलरचा चेक मिळाला. एंट्रीसुद्धा वसूल झाली नाही. तो चेक मी वटवला नाही, फ्रिजवर लावलाय.

चेकचा फोटो दादाला पाठवला, त्यावर नुसता अंगठा आला. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाचा बैलगाडा शर्यतींच्या बाजूनं निकाल लागल्यावर त्यानंही नवी घोडी घेतलीय. मागच्या महिन्यात त्यानं व्हिडिओ पाठवला: परक्या गावची यात्रा, हलगी चालू, आणि घोडी लिंबाखाली उभी राहून कडबा खातेय. मी विचारलं, "बारी किती सेकंदांची झाली?" म्हणाला, "बारी नव्हती. सहज नेली होती." डिझेल जाळून सहज? फोन कट.

आता जे आधी लिहायला हवं होतं ते. डॉक्टरला दाखवून घ्या. शर्यतीच्या घोड्यांत पोटातले अल्सर फार असतात आणि प्रवासानं वाढतात. दात आणि खोगिराचं माप बघा. बाहेर पाणी पीत नसेल तर घरचं पाणी न्या. माजावर आलेल्या घोडीचा त्या आठवड्यात न्याय करू नका. आणि हे सगळं करूनही काही घोड्या बाहेर कधीच रमत नाहीत, हेही खरं. तीन महिने माझ्या एका घोडीला पुरले, तुमच्या घोडीला वर्ष लागेल. तोवर चाबूक घरी ठेवा.

बिटचं राहिलं. लोक इथे १९८५ चं उदाहरण देतात: लास व्हेगासच्या नॅशनल फायनल्समध्ये (रोडिओच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत) बॅरल रेसर चार्मेन जेम्सच्या स्कॅम्पर या घोड्याच्या तोंडातून लगाम निसटला, तरी ती फेरी त्यांनीच जिंकली. पण स्कॅम्पर तो स्कॅम्पर. तुम्ही घरी ज्या बिटवर पळवता तेच ठेवा.