शोध लावला, शोध लागला की ओळख पटली?

साताऱ्याच्या एका शिक्षिकेने विचारलंय : शाळेच्या भित्तिपत्रकात नववीतल्या मुलीने लिहिलं, ‘दुर्बिणीने टाइप वन-ए सुपरनोव्हाचा शोध लावला.’ सहकारी म्हणतात, ‘शोध लागला’ हवं. बरोबर काय? आणि सुपरनोव्हा ‘तो’ की ‘ती’?

बाई, व्याकरणाच्या अंगाने दोन्ही चालेल. अडचण अर्थाची आहे, आणि ती ‘टाइप वन-ए’ या शब्दांपाशी आहे. सुपरनोव्हा म्हणजे ताऱ्याचा प्रचंड स्फोट, आणि टाइप वन-ए ही त्याची एक जात.

‘शोध’ला खरा अर्थ क्रियापद देतं. पोलीस शोध घेतात, तेव्हा काही हाती लागेलच असं नसतं. हरवलेल्या म्हशीचा शोध लागतो. टेलिफोनचा शोध बेल यांनी लावला, असं आपण म्हणतो, कारण तिथे डोकं चालवणारा कर्ता असतो. सुपरनोव्हाच्या कामात या छटा एकापाठोपाठ येतात, म्हणून तुमचा प्रश्न मला फार आवडला.

कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेत झ्विकी ट्रान्झिएंट फॅसिलिटी हे आकाश-सर्वेक्षण २०१८पासून चालू आहे. तिथली ४८ इंची दुर्बीण एका छायाचित्रात सुमारे ४७ चौरस अंश आकाश टिपते. पौर्णिमेचे दोनशेहून जास्त चंद्र त्यात मावतील. नव्या चित्रातून त्याच जागेचं जुनं चित्र संगणक वजा करतो. जे होतं तसंच आहे ते पुसलं जातं, बदललेलं तेवढं उरतं. हे झालं शोध घेणं. उरलेला ठिपका लघुग्रह असेल, रूपविकारी म्हणजे तेज बदलत राहणारा तारा असेल, किंवा एखाद्या दीर्घिकेच्या (गॅलेक्सीच्या) गाभ्यातली खळबळ. म्हणून नव्या ठिपक्याच्या नावाआधी नुसतं ‘एटी’ (अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल ट्रान्झिएंट, म्हणजे आकाशातला तात्पुरता बदल) लागतं. ‘एसएन’ (सुपरनोव्हा) ही अक्षरं वर्णपट, म्हणजे प्रकाशाचे सुटे केलेले रंग, तपासल्यावर मिळतात.

आमच्या सांगलीच्या बाजारात हळकुंड मोडून आतला रंग बघतात, मग प्रत ठरते. वर्णपट घेणं हे तसं आहे. वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा, म्हणजे त्या मूलद्रव्याच्या खुणा, दिसल्या तर टाइप टू, नसल्या तर टाइप वन, ही मूळ विभागणी रुडॉल्फ मिंकोव्स्की यांनी १९४१मध्ये केली. टाइप वनमध्येही सिलिकॉनची ठळक खूण असेल तर वन-ए, हीलियम असेल तर वन-बी, दोन्ही ठळक नसतील तर वन-सी. सिलिकॉनची ती रेषा मुळात ६३५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासची. वन-एमध्ये ती साधारण ६१५ला सापडते. फुटलेल्या ताऱ्याचं द्रव्य सेकंदाला दहा हजार किलोमीटरच्या घरातल्या वेगाने आपल्या दिशेने येत असतं, म्हणून ती निळ्या बाजूला सरकते. स्फोटाची जात आणि वेग दोन्ही वर्णपटातल्या या एका रेषेच्या खळीतून कळावेत, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

१९ मे २०२३ रोजी जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना सप्तर्षीतल्या एम १०१ दीर्घिकेत नवा ठिपका सापडला. काही तासांतच दुसऱ्या दुर्बिणीने वर्णपट घेतला आणि तो टाइप टू ठरला. सापडणं एकाकडे, ओळख पटवणं दुसऱ्याकडे! या क्षेत्रात हे नेहमीचंच. लडाखमध्ये हानले इथली २ मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीणही वर्णपटाचं काम करते.

तेव्हा मुलीच्या वाक्याची दोन वाक्यं करा : ‘सर्वेक्षणात नवा ठिपका सापडला. वर्णपटावरून तो टाइप वन-ए सुपरनोव्हा असल्याची ओळख पटली.’ ‘छडा लागला’ मात्र इथे नको. स्फोट कशाने झाला हे कळलं, तर तो शब्द शोभेल. सहकाऱ्यांचं ‘शोध लागला’ पहिल्या वाक्यात बसेल, दुसऱ्यात नाही.

लिंगाचं सोपं आहे. मनात ‘तारा’ असतो, म्हणून ‘तो सुपरनोव्हा’. पण ‘ताऱ्याचा’सारखं ‘सुपरनोव्ह्याचा’ करू नका. कानाला ‘सुपरनोव्हाचा’च रुळलंय. ‘अतिनवतारा’ वापरलात तर ‘अतिनवताऱ्याचा’ बिनधास्त लिहा.