फियाटचा पंप, शेजाऱ्यांची स्कूटर आणि विमा कंपनीचं पत्र

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची १९७१ ची फियाट ११०० डिलाइट आहे. उन्हाळ्यात घाटात बंद पडायची म्हणून गेल्या वर्षी इंजिनवरचा पेट्रोलचा मूळ पंप काढून इलेक्ट्रिक पंप बसवून घेतला. मार्चमध्ये वाईहून आलो, सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी लावली, किल्ली काढली आणि वर जाऊन चहा टाकेपर्यंत बॉनेटमधून धूर. गाडीचा पुढचा भाग जळाला, शेजाऱ्यांची स्कूटरही होरपळली. पंपाला डॅशबोर्डखाली वेगळं बटण होतं. ते बंद केलं होतं का, आठवत नाही. विमा कंपनीचा सर्व्हेअर म्हणतो, वायर थेट बॅटरीवरून घेतली होती आणि फ्यूज नव्हता. विमा कंपनीने ‘विनापरवाना फेरबदल, कलम ५२ चा भंग’ असं लिहून दावा फेटाळला. मला शिक्षा होईल का? शेजाऱ्यांना खिशातून पैसे देऊन मोकळं व्हावं का? आणि गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी आता विसरायची का? – एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या पत्रात सगळं आहे, फक्त तो जळका पंप आता कुठे आहे ते नाही. गाडीवरच असेल तर हात लावू नका. काढून ठेवला असेल तर वायरच्या तुकड्यासकट पिशवीत घालून घरात ठेवा, आणि गॅरेजवाल्याने ‘जरा बघतो’ म्हणून मागितला तरी देऊ नका. पुढची सगळी लढाई त्या तुकड्यावर आहे, कलम ५२ वर नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काय म्हणतं? नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाने करू नये. आणि ‘बदल’ म्हणजे काय हे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात दिलं आहे : गाडीच्या रचनेतला असा फरक, ज्याने तिचं मूलभूत वैशिष्ट्य बदलतं. आता तुमची आरसी हातात घ्या. चेसिस नंबर, इंजिन नंबर, बॉडीचा प्रकार, सीसी, आसनं, इंधन, वजन, रंग. यात पंप कुठे आहे? गाडी काल पेट्रोलवर चालत होती, आजही पेट्रोलवरच चालते. पेट्रोल टाकीतून कार्बोरेटरपर्यंत कुणी ओढून आणायचं, एवढाच फरक पडला. कंपनीचे वकील जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा के. जयचंद्र निकाल दाखवतील. मूळ तपशिलात फेरफार करता येणार नाही असं त्यात ठणकावून सांगितलं आहे. पण तोही निकाल नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाभोवतीच फिरतो.

शिक्षेचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४) मध्ये ‘रेट्रोफिटिंग’ (मागाहून सुटे भाग बसवणं) हा शब्द आहे, आणि प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. वाचून घाबरायला होतं खरं. मात्र तो गुन्हा कायद्याने परवानगी नसलेल्या बदलाचा आहे. रचना न बदलणाऱ्या पंपासाठी त्याखाली कारवाई होईल असं मला वाटत नाही. आणि सुटा इलेक्ट्रिक पंप म्हणजे काही नवलाची चीज नव्हे. मॉरिस मायनर तर कारखान्यातूनच तो घेऊन यायची.

तुम्ही तो का बसवलात हेही मला सांगायला नको. आमच्या वडिलांच्या फियाटमध्ये पाण्याची बाटली आणि एक जुनं फडकं कायम असे. खंबाटकीच्या अर्ध्यात गाडी गचके द्यायला लागली की बॉनेट उघडायचं, फडकं ओलं करून पंपावर टाकायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. इंजिनला चिकटलेला पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफच ढकलत बसतो. पण त्या पंपात एक सोय होती जिची कुणी दखल घेत नाही. त्याचा दांडा इंजिनबरोबर फिरणाऱ्या कॅमशाफ्टवर चाले, त्यामुळे इंजिन थांबलं की पंपही थांबे. थेट बॅटरीवर जोडलेल्या पंपाला इंजिन थांबल्याचा पत्ताच नसतो. बटण चालू राहिलं तर तो किल्ली काढल्यावरही ढकलत राहतो, आणि कार्बोरेटरची सुई जरा जरी झिजलेली असेल तर पेट्रोल तापलेल्या इंजिनवर ओसंडतं. पंप कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या गाडीचा असेल तर विचारूच नका. कार्बोरेटरला दोन ते चार पीएसआय (दाबाचं एकक) एवढा दाब पुरतो, हे पंप चाळीसच्या घरात मारतात. तुमच्या पंपावरचं लेबल शिल्लक असेल तर त्याचा फोटो आजच काढा.

म्हणजे कंपनीचा खरा हुकमी पत्ता कलम ५२ नाहीच. तो पॉलिसीच्या शर्तींमध्ये आहे : विमाधारकाने गाडी सुस्थितीत ठेवावी आणि नुकसान टाळण्यासाठी वाजवी काळजी घ्यावी. पत्रात त्यांनी ही शर्त लिहिलेली नाही, हे तुमच्या पथ्यावर पडलं. पण सुनावणीत ती काढतीलच. त्यावर उत्तर असं, की तुम्ही काम मेकॅनिककडे दिलंत, पैसे मोजलेत, फ्यूज नाही हे तुम्हाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. बटण विसरणं हा निष्काळजीपणा असेल, पण माणसाकडून असा विसर पडतो म्हणूनच तर विमा असतो. जाणूनबुजून धोका पत्करणं वेगळं. स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणाऱ्या पॅकेज पॉलिसीत आग, स्फोट आणि स्वतःहून पेट घेणं ही जोखीम स्पष्ट लिहिलेली असते. वगळलेला असतो तो यांत्रिक किंवा विद्युत बिघाड. म्हणजे पंपाची किंमत मिळणार नाही, आगीने झालेलं बाकीचं नुकसान मागता येईल. तुमची पॉलिसी पॅकेजच आहे ना, एवढं मात्र तपासा. नुसती थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीबद्दलचा हा परिच्छेद सोडून द्या.

बटणाबद्दल एक कळकळीची विनंती. ‘आठवत नाही’ हेच लिहा. दाव्याच्या कागदावर ‘बंद केलं होतं’ असं ठोकून द्यायचा मोह होईल, कुणीतरी तसा सल्लाही देईल. उद्या जळकं बटण चालू स्थितीत सापडलं, तर एका वाक्यापायी अख्खा दावा जाईल.

शर्तीचा भंग झाला असं धरलं तरी दावा शून्यावर आणता येतोच असं नाही. अमलेंदू साहू प्रकरणात (२०१०) गाडी भाड्याने वापरून शर्त मोडलेली असतानाही सर्वोच्च न्यायालयाने दावा पूर्णपणे फेटाळता येणार नाही असं धरलं. अशा भंगात मान्य होण्याजोग्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत द्यावेत, या मार्गदर्शक सूचनांचा आधार त्यात घेतला होता. तडजोडीला बसलात तर हा आकडा डोक्यात ठेवा. याउलट आरसीची मुदत संपलेली असती तर मी तुम्हाला इतका धीर दिला नसता. नरिंदर सिंग प्रकरणात (२०१४) तात्पुरती नोंदणी संपलेल्या गाडीचा दावा त्या एका कारणावर गेला. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं. तुमचं आगीच्या दिवशी चालू होतं का, ते आधी पाहा.

दाद कुठे मागायची? आधी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाला लेखी पत्र द्या, सर्व्हे अहवालाची प्रत मागा. एक महिना थांबून पुण्याच्या विमा लोकपालांकडे (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारे अधिकारी) जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाची मुदत आहे. ग्राहक आयोगाची दोन वर्षांची मुदत मात्र वेगळी चालू राहते, ती कॅलेंडरवर लिहून ठेवा. दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही.

गॅरेजवाल्याविरुद्धही सदोष सेवेची तक्रार होते. पक्कं बिल नसलं, पण यूपीआयने पैसे दिले असतील तर ती नोंद आणि ‘पंप बसला, गाडी घेऊन जा’ हा मेसेज पुरावा म्हणून चालेल. अनेकांना वाटतं, कंपनीपुढे ‘पंप ठीक होता’ म्हणावं आणि गॅरेजपुढे ‘पंप चुकीचा बसवला’. असलं दुटप्पी बोलू नका, गरजही नाही. मेकॅनिकच्या चुकीने लागलेली आगही आगच, आणि दावा दिल्यावर त्याच्याकडून वसूल करण्याचा हक्क कंपनीकडे जातो. दोन्हीकडे एकच खरी हकिगत सांगा.

आता शेजारी. पैसे देऊ नका असं मी सांगितलं तर सोसायटीत वाईटपणा तुम्हाला घ्यावा लागेल, कल्पना आहे. पण कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, रक्कम द्यायची नाही, अशी पॉलिसीची शर्तच आहे. त्यांच्याकडे जा, चहा प्या, कंपनीला कळवल्याच्या पत्राची प्रत द्या. कबुलीचा कागद देऊ नका. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान खाजगी गाडीच्या प्रमाणित पॉलिसीत साडेसात लाखांपर्यंत असतं. हा विमा गाडीच्या वापरातून झालेल्या नुकसानीचा असतो, आणि गाडी तर उभी होती, मग ‘वापर’ कसला, असं कंपनी विचारेल. त्याचं उत्तर आपल्या सातारा जिल्ह्यातच आहे. १९८७ मध्ये महामार्गावर धडकेनंतर पेट्रोलचा टँकर कलंडला आणि सुमारे चार तासांनी गळक्या पेट्रोलने पेट घेतला. शिवाजी दयानू पाटील खटल्यात १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उभ्या, निकामी वाहनालाही ‘वापर’ लागू होतो असं धरलं. पार्किंग ही सार्वजनिक जागा नव्हे, असं कंपनी म्हणाली तरी मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ‘सार्वजनिक जागा’ या शब्दांचाही व्यापक अर्थ घेतलेला आहे.

व्हिंटेज नोंदणीचं शेवटी. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपातली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली गाडी पात्र ठरते. पंपाने इंजिन बदलत नाही. जळालेला भाग कसा दुरुस्त करता यावर मात्र बरंच ठरेल, म्हणून वेल्डिंगआधी आणि नंतर फोटो काढा. फक्त ही नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर. वाईची फेरी त्यात बसत नाही, तेव्हा घाई करू नका. आणि इंजिनवरून काढलेला मूळ पंप अजून घरात असेल तर तो भंगारात देऊ नका. व्हिंटेज नोंदणीच्या समितीसमोर गाडी न्यायची वेळ आली, तर नवा डायफ्राम (पंपातला पडदा) टाकून तोच पुन्हा बसवता येईल.