पिकअपला आधी टायर आणि हवा, लिफ्टचं नाव नंतर

भावा, प्रश्न नीट वाचला. रोज कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीला जाणं-येणं, सुट्टीला गगनबावड्याकडच्या शेतात, मधूनच घाटातली भटकंती. गाडी इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप, फोर बाय फोर, खर्चाला दोन लाख, आणि यादी: तीन इंच लिफ्ट (म्हणजे सस्पेन्शन बदलून गाडी उचलणं), मोठे टायर, पुढं लोखंडी गार्ड, टपावर लाइट बार, स्नॉर्कल (इंजिनाला टपाच्या उंचीवरून हवा देणारी नळी). अकरा वर्षं पिकअप चालवतोय, ही दुसरी गाडी. माझं ऐकशील तर यातला टायरचा खर्च आत्ता कर, बाकी पैसे ठेव.

टायरचंही माप बघून घे. कंपनीचा २५५/६० आर १८ साधारण ७६३ मिलिमीटर उंच भरतो. तू विचारलेला २६५/६५ आर १८ जवळजवळ ८०२. म्हणजे गाडी वर येणार जेमतेम १९ मिलिमीटर, पण चाकाचा घेर पाच टक्के वाढला. काटा शंभर दाखवेल तेव्हा खरा वेग १०५, चढाला गाडी जड लागणार, स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर आत घासायची भीती वेगळी. कंपनीच्याच मापात चांगला एटी टायर (ऑल-टेरेन, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा) घे. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको, तुझ्या हौद्यात खताची पोती असतात. एमटी (मड-टेरेन, चिखलासाठीचा) टायर चिखल चांगला फेकतो हे खरं, पण पावसाळ्यात ओल्या डांबरावर रोज त्याच टायरवर ब्रेक मारायचाय. तिथं तो एटीइतका धरत नाही.

आता हवा. ऊसतोडीनंतर ट्रॉल्यांनी फोडलेली पाणंद तुला माहीतच आहे. काळी माती खाचांत बसली की नवा टायरसुद्धा गोट्यासारखा गुळगुळीत होतो. अशा ठिकाणी ३५ पीएसआयची (हवेच्या दाबाचं माप) हवा २०-२२ वर आणली की टायर पसरतो, जमिनीला जास्त लागतो, आणि रुतलेली गाडी बऱ्याचदा आपली आपण निघते. १८ च्या खाली मात्र जाऊ नकोस, वळणावर टायर रिममधून सुटू शकतो. डांबरी लागायच्या आधी हवा परत भरायचीच, म्हणून बॅटरीवर चालणारा चांगला कंप्रेसर आणि हवेचा मीटर गाडीत ठेव. या दोन वस्तूंनी माझी गाडी जितक्या वेळा बाहेर काढलीय तितकी दुसऱ्या कशानंच नाही.

लिफ्टबद्दल माझं मत कडक आहे. आधीच्या गाडीला मी पुढून तीन इंच उचलून घेतलं होतं. पुढच्या अॅक्सलचे सांधे तिरके कोन करून फिरायला लागले, वर्षाच्या आत रबरी बूट फाटले, ग्रीस उडालं. हायवेवर स्टेअरिंग भटकायचं, आणि मागं पोरं बसलेली असायची. शेवटी सगळं मूळ जागी आणलं. मागचा ताठपणा घालवायला पाटे (मागच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) वाढवायचा सल्लाही कुणी देईल. ऐकू नकोस. पाटे वजनासाठीच असतात, वाढवलेस तर रिकामी गाडी आणखी उडेल. त्यापेक्षा पावसाळ्यात हौदा रिकामा असेल तर अॅक्सलच्या वर ६०-७० किलो वाळूची पोती घट्ट बांध. करूळ घाटात ओल्या वळणावर मागचं शेपूट सरकणं तेवढ्यानं बरंच कमी होतं.

लोखंडी गार्ड नकोच. केंद्राच्या वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच त्यावर बंदी सांगितलीय. धडक बसली की एअरबॅगच्या सेन्सरचा हिशेब चुकतो. जानेवारी २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तर मूळ बांधणी बदलणं सरळ कायद्याच्या विरोधात जातं, आणि अपघात झाला की विमा कंपनी आधी तेच बघते. टपावरचा लाइट बार गगनबावड्याच्या धुक्यात पांढरी भिंत उभी करतो. खाली बंपरपाशी पिवळे फॉग दिवे जास्त उपयोगी.

स्नॉर्कलचं काळजीनं सांगतो. गगनबावड्याच्या वाटेवर मांडुकलीला रस्त्यावर पाणी आलं की तुला ते बळ देईल, म्हणूनच नको. स्नॉर्कल फक्त इंजिनात पाणी शिरू देत नाही, गाडीला वाहून जाण्यापासून धरत नाही. दोन फूट वाहतं पाणी पिकअपसुद्धा उचलतं. त्या दिवशी गाडी अलीकडंच लाव. शेतातल्या ओढ्यातून वरचेवर जात असशील तर डिफरन्शियलच्या (अॅक्सलमधल्या, दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीच्या) ब्रीदरची, म्हणजे हवा जायच्या छिद्राची, नळी वर घेऊन ठेव. गरम डिफरन्शियल थंड पाण्यात गेलं की तिथून पाणी ओढतं, तेल दुधासारखं झालं तर लगेच बदल.

उरलेल्या पैशात इंजिनखालचं स्किड प्लेट (दगडापासून वाचवणारा पत्रा), रेटिंग असलेला ओढायचा पट्टा आणि दोन शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या). पट्टा टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) कधीच अडकवू नकोस, गोळा तुटला तर गोळीसारखा येतो. फोर-एच (चारही चाकांना ताकद देणारा मोड) कोरड्या डांबरावर लावू नकोस, या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांना वळणावर वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नाही.

नवे टायर घालायच्या आधी जुन्यांचे फोटो टाक. आतली कड जास्त झिजली असेल तर अलाइनमेंट आधी करून घे, नाहीतर नव्यांचंही तेच होईल.